पंपघराचा कान

नदीच्या काठाला, वस्तीच्या खालच्या अंगाला, दगडी भिंतींचं एक पंपघर आहे. त्याचं दार कधीकाळी निळं होतं. आत पाऊल टाकलं की आधी ग्रीसचा वास येतो, मग ओल्या लोखंडाचा, आणि मग आवाज अंगावर येतो. आमच्यातल्या निम्म्या माणसांनी तो आवाज आईच्या पोटात असल्यापासून ऐकला आहे, त्यामुळे तो कुणाच्या लक्षातच येत नाही. बंद पडला की मात्र बायका हातातलं काम टाकून दारात येतात आणि एकमेकींना विचारतात, "काय झालं गं?"

त्या आवाजाची देखभाल एकच माणूस करत आला. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. त्याची बायको मिस्त्रीणबाई, मुलगा मिस्त्रीचा मुलगा, सून मिस्त्रीची सून. त्याचं खरं नाव पाणी समितीच्या रजिस्टरात पहिल्या पानावर होतं, आणि पहिलं पान केव्हाच फाटून गेलं.

रोज सकाळी सहाला मिस्त्री हिरवं बटण दाबतो. तीस हॉर्सपॉवरची मोटर आधी कण्हते, मग गुरगुरते, मग तिचा सूर लागतो. सूर लागला की तो लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर उचलतो, त्याचं टोक बेअरिंगच्या टोपीवर टेकवतो आणि लाकडी मूठ कानाला लावतो. मोटरच्या दोन टोकांना दोन बेअरिंग, पंपाच्या दोन टोकांना दोन. चारही ठिकाणी तो डोळे मिटून उभा राहतो. डॉक्टरच्या नळीतून छाती ऐकू यावी तसा लोखंडाच्या पोटातला आवाज त्या दांड्यातून वर चढतो. एकोणचाळीस वर्षांत मुठीला कानाएवढा खळगा पडला आहे.

पंप आला त्याआधी वस्तीत पाणी डोक्यावरून यायचं, आणि ते मुलींच्या डोक्यावरून यायचं. पंप सुरू झाला त्या वर्षी शाळेच्या पटावर एकदम एकोणीस मुली वाढल्या. त्यांतलीच एक आज पाणी समितीची अध्यक्ष आहे. ती कपडे शिवते, तोंडात टाचण्या धरून बोलते, आणि तरी तिचा एकही शब्द कुणाला चुकवता येत नाही.

मिस्त्रीनं आजवर अकरा जण तयार केले. अकराही परदेशात आहेत.

पहिला निघाला तेव्हा मिस्त्री त्याला बसस्टँडवर सोडायला गेला आणि स्वतःचा एक पाना त्याच्या हातात ठेवला. दुसऱ्याच्या वेळी पाना दिला नाही, पण स्टँडवर गेला. पाचव्याला पंपघराच्या दारातून हात हलवला. आठवा पाया पडायला आला तेव्हा मिस्त्री मोटरखाली आडवा होता. "पाय बाजूला घे, उजेड अडवतोयस," एवढंच तो म्हणाला.

झालं होतं असं, की बाहेरच्या देशांत माणसं पाठवणारे लोक शहरात परीक्षा घेत. एक पंप सुटा करून जमिनीवर मांडायचे आणि म्हणायचे, जोडून दाखवा. मिस्त्रीकडं शिकलेला मुलगा तो पंप गप्पा मारत जोडायचा. ही गोष्ट पसरली. मग आयाबाया मुलांना घेऊन पंपघराच्या दारात उभ्या राहू लागल्या. "दोन वर्षं तुमच्या हाताखाली राहू दे, मिस्त्री, म्हणजे तो मार्गाला लागेल."

"मी काय, पाणी सोडतो की विमानं सोडतो?" मिस्त्री खेकसायचा. पण मुलगा ठेवून घ्यायचा. पंपाला माणूस लागायचंच. प्रत्येक वेळी त्याला वाटायचं, हा राहील. हा आईवेडा आहे, हा राहील. याला उंचीची भीती वाटते, हा विमानात बसायचा नाही. उंचीची भीती वाटणारा दहावा होता; तो सगळ्यांत लांबच्या देशात गेला.

सातवा त्याचा स्वतःचा मुलगा.

मिस्त्री आंधळा नव्हता. तिसऱ्याच्या आईला पुन्हा दिसायला लागलं, ते मुलानं बाहेरून पाठवलेल्या पैशांतून झालेल्या शस्त्रक्रियेमुळं. सहाव्याची बहीण नर्स झाली आणि आता वस्तीच्या दवाखान्यातच आहे. घरोघरी पक्की न्हाणीघरं झाली, पोरं आजारी पडायची कमी झाली. हे सगळं तो बघत होता आणि मनातल्या मनात थोडं आपल्याही नावावर धरत होता. पण त्या चकाकत्या न्हाणीघरांत, एकीकडं गरम आणि एकीकडं गार अशा त्या झुळझुळीत नळांतून येणारं पाणी ह्याच पंपाचं होतं, आणि पंपाला हात लावायला वस्तीत दुसरं माणूस उरलं नव्हतं. या विचारानं त्याचं डोकं सकाळी सहालाच तापायचं.

बाराव्यानं तर सातव्या महिन्यातच पोबारा केला. त्याला मिस्त्री मोजत नाही.

बारावा गेला त्याच आठवड्यात अध्यक्षबाई पंपघरात आल्या. गळ्यात माप घ्यायची टेप तशीच होती.

"मिस्त्री, अडुसष्टचे झालात."

"मोटर एकोणचाळीसची आहे. तिला कुणी वय विचारत नाही."

"मोटर दुसरी मिळते." त्यांनी कोपऱ्यातल्या दोन नंबरच्या पंपाकडं बघितलं. एक नंबर चालू राहावा म्हणून मिस्त्रीनं त्याचे अवयव एकेक करून काढून घेतले होते. "महिनाअखेरपर्यंत मला एक नाव द्या. इथं राहणारं, पंप चालवणारं माणूस. नाही मिळालं तर समितीनं टँकरवाल्याला काम द्यायचं ठरवलंय. तो चार दिवसांतून एकदा येईल."

"आणि मधले तीन दिवस?"

दारातून शाळेचा रस्ता दिसत होता. दप्तरं पाठीला लावून मुली चालल्या होत्या, दोन दोन, तीन तीन, रमतगमत, हातात काही नसलेल्या. बाई त्यांच्याकडं बघत राहिल्या. मिस्त्रीनंही बघितलं आणि मान फिरवली.

"महिनाअखेर," बाई म्हणाल्या आणि गेल्या.

त्यांना एक गोष्ट माहीत नव्हती. मिस्त्रीला आता ऐकू येत नव्हतं. उजवा कान तीन वर्षांपूर्वीच गेला होता आणि डाव्यात सगळं गोधडीआडून आल्यासारखं यायचं. एकोणचाळीस वर्षं ज्या मोटरला त्यानं ऐकलं तिनंच त्याचे कान खाल्ले होते. पण रोज सकाळी तो स्क्रूड्रायव्हर लावायचा, डोळे मिटायचा, चार ठिकाणी उभा राहायचा. बघणाऱ्याला वाटावं, ऐकतोय. तो खरं तर तळहात टेकवून थरथर मोजत होता आणि बाकीचं अंदाजानं भागवत होता. बारावा गेला याचा त्याला राग होता. त्यापेक्षा जास्त राग याचा होता, की त्या अर्धवट पोराचे का होईना, पण कान चालू होते.

मिस्त्रीचं घर पंपघराच्या भिंतीला लागून. मध्ये अंगण, अंगणात कपडे वाळत घालायची तार. सून लग्न होऊन आली त्याला चार वर्षं झाली होती. नवरा दोन महिने राहून परत गेला आणि "कागद झाले की तुला नेतो" म्हणाला. त्या कागदांसाठी तिनं शहराला किती खेपा घातल्या ते तिचं तिला माहीत. एकदा नुसता फोटो परत आला. दोन्ही कान दिसायला हवेत म्हणे. ती पुन्हा गेली आणि केस मागं बांधून फोटो काढून आली. चार वर्षं ती त्या तारेवर कपडे घालत होती, आणि भिंतीपलीकडं पंप चालू असायचा.

त्या महिन्यात एका सकाळी ती म्हणाली, "मामंजी, पंप कुरकुरतोय."

"तू कपडे वाळत घाल."

दोन दिवसांनी पुन्हा. "मामंजी, काल नुसती कुरकुर होती, आज मध्येच खाड् होतंय."

"अकरा जण तयार केलेत मी. मला शिकवू नकोस."

पण तळहाताला त्यालाही काहीतरी लागत होतं. काय ते कळत नव्हतं. मनात पाल चुकचुकायला लागली. सुनेला विचारायचं तर आपला कान गेला हे कबूल करावं लागणार. त्यापेक्षा त्यानं फोन काढला. मुलानं फोनवर सगळ्या चेल्यांचा एक गट करून दिला होता, "पंपघर" नावाचा. मिस्त्रीनं दुपारी जेवण बाजूला सारून व्हिडिओ कॉलचं बटण दाबलं. अकरातले सात जण पडद्यावर आले. एक हेल्मेटमध्ये, एक गाडीत, एक जाड कोटात नाकापर्यंत बुडालेला, एक खात होता.

"मिस्त्री! बारीक झालात!"

"मिस्त्री, मिस्त्रीणबाई कशा आहेत?"

"बाई ठणठणीत आहे. गप्प बसा आणि ऐका." त्यानं फोन मोटरजवळ नेला आणि चांगलं मिनिटभर धरला.

हेल्मेटवाला म्हणाला, "मिस्त्री, लावा ना."

"काय लावू?"

"पंप चालू करा, म्हणजे ऐकतो."

"अरे चालूच आहे, गाढवा!"

"नाही ओ. इकडं काहीच येत नाही."

सातही जण हसायला लागले. मिस्त्री मोटरशेजारी उभा राहून घसा फोडून सांगत होता की पंप चालू आहे, आणि त्यांना त्याचा घसा ऐकू येत होता, पंप नाही. शेवटी चौथ्याला सुचलं. "मिस्त्री, फोन असला एकसारखा आवाज गाळून टाकतो. त्याला वाटतं गोंगाट आहे. माणसाचं बोलणं तेवढं ठेवतो."

"गोंगाट?" मिस्त्रीचा आवाज चिरकला. "एकोणचाळीस वर्षं अख्खी वस्ती याच्यावर जगली आणि हा काल आलेला डबा त्याला गोंगाट म्हणतो?"

मग सल्ले सुरू झाले. एक म्हणाला, ग्लँड बघा, दोरी झिजली असणार. एक म्हणाला, पाया हलला. एकानं सांगितलं, "आम्ही इथं कानानं ऐकतच नाही, मिस्त्री. यंत्र लावतो. पडद्यावर रेघ उमटते."

"मग ती रेघ पाठव इकडं."

"फोटो पाठवा," खाणारा म्हणाला.

"आवाजाचा फोटो?"

शेवटी मतदान झाल्यासारखं झालं. चार जण ग्लँडच्या बाजूनं पडले. मिस्त्रीच्या मुलानं जाता जाता सांगितलं, "बाबा, तिचे कागद जवळपास झालेत बरं का." मिस्त्रीनं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. या एका बाबतीत त्याला कानाची मदत व्हायची.

दुसऱ्या दिवशी त्यानं ग्लँड उघडली. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथं पाणी गळू नये म्हणून मेणात बुडवलेल्या दोरीचे वेढे देतात. त्याला ग्लँड म्हणतात. तिथून थेंब थेंब पाणी पडत राहिलं पाहिजे, नाही तर दोरी जळते. हे वाक्य मिस्त्रीनं अकरा जणांच्या डोक्यात हातोडीनं ठोकलं होतं. आणि त्या दिवशी रागाच्या भरात, चार चेल्यांचं ऐकून, त्यानं स्वतःच नट इतके आवळले की दहाच्या सुमाराला दोरीतून धूर यायला लागला.

मिस्त्रीणबाई दारात आल्या, पदर नाकाला लावून. "आता धूरही काढायला लागला का? मग तेवढी माझी चूलच आणून ठेवते त्याच्यावर."

"जा तू घरात!"

"घरात पाणी नाही."

त्यानं नट सैल केले, नवे वेढे दिले, पंप चालू केला. तळहात टेकवला. ते जे काही होतं ते तिथंच होतं. महिनाअखेरीला नऊ दिवस राहिले होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मिस्त्री नेहमीसारखा डोळे मिटून उभा होता. हातातून स्क्रूड्रायव्हर कुणीतरी काढून घेतला. सून होती. हात ओलेच होते. ते तिनं पदराला पुसले आणि मूठ कानाला लावली.

"ए! काय करतेस?"

तिनं एक बोट वर केलं. गप्प, असं. मिस्त्रीला आयुष्यात त्याच्या पंपघरात कुणी गप्प केलं नव्हतं.

ती पंपाच्या पुढच्या टोकाला ऐकून आली. "इथं घूं. सलग. बरं आहे." मग मागचं टोक. "इथंही घूं, थोडं सूं. पाण्याचं असेल." मोटरचं पुढचं टोक. "इथं बरं." मग ती मोटरच्या मागच्या टोकाला वाकली आणि लगेच कान काढला, चटका बसल्यासारखा. "इथं आहे. कुरकुर, कुरकुर, खाड्. वाळूचा खडा दाताखाली यावा तसं. प्रत्येक फेऱ्याला येतोय. बंद करा, मामंजी."

"टाकी अर्धीसुद्धा भरली नाही. शाळेचं पाणी..."

"बंद करा."

"दवाखान्यात आज..."

तिनं हात लांब करून लाल बटण दाबलं. मोटर उसासा टाकत थांबली. वस्तीत दारं उघडल्याचे आवाज आले असतील. मिस्त्रीच्या तोंडून जे बाहेर पडलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. बोलता बोलता त्यानं मागची टोपी खोलायला घेतली, तिला खोटं पाडायला. चार बोल्ट निघाले, टोपी निघाली, काळं ग्रीस चिंधीनं पुसलं, आणि मग तो बोलायचा थांबला. छर्रे धरून ठेवणारी पितळी कडी तुटली होती. एक छर्रा असा खरवडला होता की जणू उंदरानं कुरतडलाय. आणखी एखादा दिवस, फार तर दोन. मग दांडा अडकला असता आणि मोटर जळून गेली असती. दोन नंबर आधीच उघडा पडलेला. टँकर महिनाअखेरची वाट न बघता आला असता.

मिस्त्री उलट्या बादलीवर बसला.

"कधीपासून कळतं तुला?"

"चार वर्षं तुमच्या भिंतीबाहेर कपडे वाळत घालतेय. दुसरं ऐकायला होतं काय? अकराव्यानं मोटर आणि पंप जोडणारी कपलिंग वाकडी बसवली होती, तेव्हाही कळलं होतं. ठकठक यायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले. तुम्ही म्हणालात, कपडे वाळत घाल."

मिस्त्रीणबाई केव्हा आल्या होत्या कोण जाणे. "नऊ वेळा म्हणालात," त्या म्हणाल्या. "मी मोजलंय."

मिस्त्रीनं तुटलेली कडी हातात फिरवली. तो मोटरकडं बघत म्हणाला, "मला ऐकू येत नाही गं आता."

सासू आणि सून एकमेकींकडं बघायला लागल्या.

"माहीत आहे, मामंजी."

"माहीत आहे?"

"अहो, तीन वर्षं झाली," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. "रोज जेवताना मी मुद्दाम तुमच्या उजव्या अंगाला बसते आणि तुम्हाला काय वाटेल ते बोलते. ऐकू येत असतं तर आपला संसार टिकला नसता."

दोन नंबरच्या मोटरमधलं मागचं बेअरिंग अजून शाबूत होतं, आणि मापाचं होतं. मिस्त्रीनं पुलर लावून जुनं ओढून काढलं. नवं गरम तेलात ठेवलं, म्हणजे ते फुगतं आणि दांड्यावर अलगद सरकतं. ठोकायचं नाही. सुनेनं पुढं होऊन ते कापडानं धरून बसवलं. एका दमात, तिरकं न होता. दुपारी तीनला हिरवं बटण दाबलं. तिनं मूठ कानाला लावली आणि म्हणाली, "घूं."

"नुसतं घूं?"

"नुसतं."

मिस्त्री अध्यक्षबाईंकडं गेला तो तसाच, ग्रीसच्या हातांनी. बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. असं त्या फार क्वचित करत. "तिचं नाव द्यायचं म्हणता. तिला विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. विचारायला तो घरी आला, तर घरात मुलाचा फोन चालू होता आणि आवाज रस्त्यापर्यंत येत होता. कागद झाले होते. चार वर्षांनी. नव्वद दिवसांच्या आत तिनं तिकडं पोचायला हवं, नाही तर सगळं पहिल्यापासून.

मिस्त्री दारात उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जो काही भाव होता तो बघून मिस्त्रीणबाईंनी सुपारी चघळायची थांबवली.

"घ्या," तो म्हणाला. "ही तेरावी. मी आता कुत्रं पाळतो. त्याला शिकवतो. त्याला तरी कुणी कागद देणार नाही."

"बाबा, असं काय बोलता?" फोनमधून मुलगा म्हणाला. "चार वर्षं ती एकटी राहिली. मी एकटा राहिलो. आम्हाला कधी संसार करायचा?"

पोराचं चुकत नव्हतं. तोच तर त्याचा वैताग होता. प्रत्येक वेळी जाणाऱ्याचं बरोबरच असायचं.

सुनेनं फोन नवऱ्याच्या आवाजासकट चटईवर पालथा घातला. "मामंजी, किती दिवस म्हणाले ते?"

"नव्वद."

"नव्वद दिवसांत मी दोन जणी तयार करते. त्यातली एकही कुठं जाणारी नाही. त्यांची नावं द्या अध्यक्षबाईंना."

"नव्वद दिवसांत? अगं, दोन वर्षं लागतात!"

"दोन वर्षं लागतात, कारण पहिलं वर्ष तुम्ही त्यांना फरशी पुसायला लावता. दुसऱ्या वर्षी कानाला मूठ लावून म्हणता, ऐक. काय ऐक? ते तुम्ही कधी सांगितलंत?"

"ते सांगता येत नाही. ते यावं लागतं."

"मी सकाळी सांगितलंच की."

फोन चटईवरून विचारत होता, "हॅलो? हॅलो? तिकडं काय चाललंय?"

एक होती चौथ्याची बायको. तिच्या नवऱ्याला बायकामुलं न्यायची परवानगीच नव्हती, तेव्हा ती इथंच राहणार हे सरकारनंच ठरवून टाकलं होतं. दुसरी बेकरीवाली. पाव भाजला का ते ती तळावर टिचकी मारून आवाजावरून ओळखायची. "मी कुठं जाणार?" ती म्हणाली. "भट्टी काय काखेत मारून नेऊ?"

त्या नव्वद दिवसांत मिस्त्रीच्या जिवाला जो ताप झाला तो अकरा पोरांनी मिळून दिला नव्हता. बायका प्रश्न विचारत. पोरांनी कधी विचारले नव्हते. "हा नट उलटा का फिरतो?" "हे असं का नाही करायचं?" "तुम्हाला कुणी सांगितलं?" बेकरीवालीनं पहिल्याच आठवड्यात हत्यारांची मांडणी बदलली. सतरा वर्षं जिथं चौदाचा पाना होता तिथं आता ग्रीसचा डबा होता, आणि मिस्त्री सकाळी न बघता हात घालायचा आणि हात बरबटून काढायचा.

सगळ्यांत वाईट म्हणजे सुनेनं खडूनं भिंतीवर लिहायला सुरुवात केली. स्टार्टरच्या शेजारच्या दगडी भिंतीवर, एकाखाली एक.

घूं, सलग: सगळं बरं.
कुरकुर: बेअरिंग. आठवडा आहे.
कुरकुर आणि मध्ये खाड्: बेअरिंग. आजच बंद करा.
ठकठक, मोजता येईल अशी: कपलिंग.
खळखळ, गोटे हलवल्यासारखी: पाणी कमी, पंपानं हवा धरली.
चीं: दोरी जळते. नट सैल.

"माझ्या भिंतीवर बाराखडी काढलीस," मिस्त्री म्हणाला. "अकरा जणांना असलं काही लागलं नाही."

"अकरा जण आहेत कुठं, मामंजी?"

पण बेकरीवाली तिसऱ्याच आठवड्यात ओरडली, "ठकठक!" आणि खरंच कपलिंगचा एक बोल्ट सैल निघाला. मिस्त्रीनं तो बोल्ट स्वतःच आवळला, कुणालाही हात लावू न देता. संध्याकाळी सगळ्या गेल्यावर तो भिंतीसमोर उभा होता. चष्मा कपाळावरून खाली घेतला, खडू उचलला आणि शेवटच्या ओळीखाली, वेड्यावाकड्या अक्षरांत, एकोणचाळीस वर्षांत कुणाला न सांगितलेली एक गोष्ट लिहिली. *फुरफुर: ग्लँडमधून पाणी जास्त उडतं. दोन्ही नट सारखे आवळा.* मग खडू खिशात टाकला, जणू कुणी पळवेल.

सून सत्त्याऐंशीव्या दिवशी गेली. मिस्त्री स्टँडवर गेला. पहिल्यानंतर त्यानं कुणाला काही दिलं नव्हतं; हिला देण्यासाठी त्यानं तो खळगा पडलेल्या मुठीचा स्क्रूड्रायव्हर चिंधीत गुंडाळून आणला होता. तिनं उघडून बघितला आणि परत त्याच्या हातात ठेवला.

"विमानात नेऊ देत नाहीत," ती म्हणाली. "आणि तो इथं लागतो."

"विमानवाल्यांनाही अक्कल नाही," मिस्त्री म्हणाला, आणि बस दिसेनाशी होईपर्यंत त्यांच्याविषयीच बडबडत उभा राहिला.

अध्यक्षबाईंच्या रजिस्टरात दोन नावं आहेत. टँकरवाल्याला नाही म्हणून कळवलं. शाळेच्या रस्त्यावर मुली रिकाम्या हातांनी जातात आणि अर्ध्या तरी उशिरा पोचतात, कारण रमतगमत जातात.

परवा दुपारी तिचा फोन आला. तिकडं तिला एका मोठ्या इमारतीच्या तळघरात पंपांवरच काम मिळालं आहे. सात पंप आहेत म्हणे, आणि तिथला साहेब सगळ्यांत आधी तिला ऐकायला बोलावतो. हे ती सासूशी बोलताना मिस्त्रीनं डाव्या कानानं बरोबर टिपलं आणि चेहरा आणखी आंबट केला.

"मामंजी, पंप कसा आहे?"

मिस्त्री सवयीनं फोन मोटरजवळ न्यायला निघाला. बेकरीवालीनं तो मधेच काढून घेतला, दुसऱ्या हातानं मूठ कानाला लावली, आणि पिठानं पांढऱ्या झालेल्या हातात फोन धरून म्हणाली, "चारही ठिकाणी घूं. सलग. पण ग्लँडला जरा फुरफुर आहे."

तिकडून, कुठल्या कुठून, लगेच उत्तर आलं. "अर्धा फेरा आवळा दोन्हीकडं."

"अर्धा?" मिस्त्री बादलीवरून उठला. "दोरी जाळायची आहे का तिला? सांग तिला, पाव! पाव फेरा, आणि थेंब बघत बघत! एवढं शिकवलं आणि..."

"ऐकू आलं, मामंजी," फोन म्हणाला. "पाव."